केळं 'गेलं' हे ठरवायचं कुणी?

जुलैत आपल्या मंडळाचं काव्यवाचन झालं. बेळगावचा जुलै म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाऊस असा लागून राहिला होता की ज्यांच्यासाठी दोन डझन केळी आणली त्यातले निम्मे लोक आलेच नाहीत. चहा संपला, बिस्किटं संपली (ती नेहमीच संपतात), केळी उरली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, वर घट्ट गाठ मारून, मी मंडळाच्या कपाटावर ठेवली आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा पिशवीला आतून घाम सुटला होता आणि साली काळ्या पडल्या होत्या. मी नाक मुरडलं, "गेली" म्हटलं आणि अख्खी पिशवी व्हरांड्यातल्या डब्यात टाकली. चौदा केळी होती. आकडा पक्का आठवतो, कारण कार्यक्रमाच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते.

लेक्चर करून परत आले तर वर्ग झाडणाऱ्या मावशी नळापाशी उभ्या. पिशवी त्यांनी डब्यातून काढली होती. एकेक केळं धुवायचं, नाकाशी न्यायचं आणि कठड्यावर ओळीनं मांडायचं, असं चाललं होतं. दोन केळी बाजूला काढली होती. मला बघून त्या ओशाळल्या नाहीत, ओशाळले मीच. "ह्यातली दोनच गेल्यात बघा बाई," त्या म्हणाल्या, "बाकीची झकास हाईत. पोरं खातात की." मी "हो का" असं काहीतरी पुटपुटले आणि बस पकडायला पळाले.

घरी आल्यावर हे शामायला सांगितलं. शामाय म्हणजे माझी आजी, बाबांची आई. वय वर्षं एक्याऐंशी. माहेर गोव्यातलं, बार्देशातलं मयडे. लग्न होऊन बेळगावात कॅम्पात आली ती इथलीच झाली. मला वाटलं ती मावशींबद्दल काहीतरी हळहळेल. तिनं एवढंच विचारलं, "तू वास घेतलेलास?"

"नाही."

"दाबून बघितलेलंस?"

"नाही गं. काळी झाली होती."

"मग गेली ते तुला कळलं कसं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीन वर्षं साहित्याचा अभ्यास करतेय, पुस्तकाचं कव्हर बघून मत देऊ नये हे पहिल्या वर्षीच्या मुलांना मीच ऐकवत असते. आणि इथे नुसती साल बघून चौदा केळी निकालात काढली. म्हणून हा लेख. विषय फालतू वाटला तरी वाचा. माझं म्हणणं सरळ आहे: केळं कधी खराब होतं हे आपल्या पिढीतल्या बहुतेकांना माहीतच नाही, आणि या अज्ञानाला आपण 'स्वच्छता' म्हणतो. त्यात चांगलं अन्न डब्यात जातं. आणि कधी कधी वाईट अन्न पोटात जातं, ते वेगळंच.

आधी सालीबद्दल. केळं झाडावरून काढल्यावरही पिकत राहतं. पिकताना ते स्वतःच एक वायू सोडतं, इथिलीन. तो वायू शेजारच्या केळ्याला लागला की तेही घाईनं पिकायला लागतं. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण वीस टक्के स्टार्च असतो. पूर्ण पिकेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि बाकीच्याची साखर होते. म्हणून कच्चं केळं तुरट आणि पिठूळ लागतं आणि तेच चार दिवसांनी गोड लागतं. सालीत याच वेळी हिरवा रंग मोडतो, आतला पिवळा दिसू लागतो. पुढे सालीच्या पेशी फुटायला लागल्या की त्यातले घटक हवेशी भेटतात आणि तपकिरी पडतात. वांगं चिरून ठेवलं की जे होतं, जवळपास तेच. ते काळं झालेलं वांगं आपण फेकतो का? पाण्यात टाकतो आणि भाजी करतो. केळ्याला मात्र ही सवलत नाही.

सालीवर तपकिरी ठिपके आले की केळं गोडीच्या ऐन भरात आहे असं समजायचं. गणपत गल्लीत गाडीवाले संध्याकाळी अशीच केळी निम्म्या भावात काढतात आणि जाणती माणसं त्याच वेळेला येतात. आम्ही पोरंपोरी सकाळची पिवळीधमक उचलतो, चारदा जास्त पैसे देतो, आणि खाताना म्हणतो, "काय चव नाही." मी स्वतः हे केलंय, दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही.

मग ठेवायची कशी? आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. आई फ्रिजवाली, शामाय खिळ्यावाली. स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी भिंतीत एक खिळा आहे, त्याला सुतळीचा फास. फणी आणली की शामाय ती त्या फासाला अडकवते, पाठ वर आणि बोटं खाली. तिच्या माहेरी अख्खा लोंगर असाच तुळईला टांगलेला असायचा, आणि रोज खालून-वरून पिकलेली तेवढी काढायची. याचं कारण तिनं मला कधी इंग्रजीत सांगितलं नाही, पण ते साधं आहे. केळं टेबलावर टेकलं की जिथे टेकतं तिथे स्वतःच्याच वजनानं पिचतं, आणि पिचलेली जागा आधी काळी पडते. टांगलेल्या फणीला सगळीकडून हवा लागते, सुटलेला वायू वाऱ्यावर जातो.

मी गाठ मारलेल्या पिशवीत याच्या बरोबर उलट केलं होतं. वायूही कोंडला, ओलावाही कोंडला. तीन दिवसांत चौदापैकी बारा तरली हीच मेहेरबानी म्हणायची.

आईचा पक्ष अगदीच चुकीचा नाही. फक्त ती वेळ चुकवते. केळं हे गरम मुलखातलं फळ. साधारण तेरा अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते. हिरवट केळं फ्रिजमध्ये घातलं तर ते पिकायचं थांबतं आणि बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाही. साल राखाडी-काळी होते, आतला गर कच्चा आणि बेचव राहतो. ते केळं मात्र खरंच वाया गेलं, आणि ते आपणच घालवलं. पण पूर्ण पिकलेलं केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल एका रात्रीत काळीकुट्ट होते आणि गर चार-पाच दिवस तसाच राहतो. इथेच सगळी गंमत होते. आई पिकलेली केळी ठेवणार, दुसऱ्या दिवशी बाबा दार उघडून "हे काय, कुजली!" म्हणणार, आणि केळी डब्यात. फ्रिजनं गर वाचवला आणि सालीनं घात केला.

बेळगावकरांसाठी एक पुस्ती. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा तेरा-चौदा अंशांवर येतो, कधी खालीही. म्हणजे थंडीत आपलं उघड्या खिडकीशेजारचं स्वयंपाकघर रात्रभर जवळजवळ केळ्याचा फ्रिजच असतं. आता हा लेख लिहितेय तर आमच्या खिळ्यावरची जवारी केळी चार दिवस झाले तरी हिरवटच आहेत. शामायनं काल ती खिळ्यावरून उतरवून तांदळाच्या डब्यात पुरली. हीच तिची अढी. उबही मिळते आणि वायूही कोंडतो. लवकर पिकवायचं असेल तेव्हा कोंडायचं, टिकवायचं असेल तेव्हा मोकळं सोडायचं, एवढं एकच सूत्र आहे आणि ते उलटंसुलटं करायला आपण एक्सपर्ट आहोत. सफरचंद, चिकू, पिकलेला पपई हेही तोच वायू सोडतात. तेव्हा फळांच्या टोपलीत सगळं एकत्र रचून ठेवणं फोटोपुरतं ठीक.

देठाला प्लॅस्टिक गुंडाळायचं ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. मी केलंय. फार फरक पडला नाही. वायू काही फक्त देठातून बाहेर पडत नाही, सगळं फळच तो सोडत असतं. पण गुंडाळल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटतं, तेवढा फायदा.

आता मूळ प्रश्न. गेलेलं केळं कसं ओळखायचं? शामायचा क्रम असा: आधी नाक, मग बोट, मग साल सोलून डोळा. आपण बरोबर उलटे, डोळ्यापासून सुरू करतो आणि तिथेच थांबतो.

नाकानं काय शोधायचं? पिकलेल्या केळ्याचा वास दाट आणि गोड असतो, थोडा गुळासारखा. तो कितीही उग्र असला तरी हरकत नाही. पण त्या गोडाच्या मागे आंबूस झाक आली, दारूसारखी किंवा व्हिनेगरसारखी, की समजायचं आत साखर आंबायला लागली. आमच्यासारख्या कॅथलिक घरात वाईन माहीत नसलेलं कुणी नाही, तेव्हा हा वास ओळखता येत नाही ही सबब मी तरी देऊ शकत नाही. भोवती चिलटं घोंगावायला लागली की तीही हेच सांगत असतात. आंबल्याचा वास त्यांना आपल्या आधी लागतो. चार चिलटं दिसली म्हणून केळं लगेच फेकायचं कारण नाही, पण वास घेण्याची वेळ झाली एवढं नक्की.

बोटानं दाबायचं ते हळूच. मऊ असलं तर चालतं. आत काहीच नसल्यासारखं लिबलिबीत झालं, साल फाटून पाणी पाझरायला लागलं, तर गेलं. मग देठ आणि दांड्याचा कापलेला भाग बघायचा. बुरशी आधी तिथेच धरते: पांढरी, राखाडी, कापसासारखी. पावसाळ्यात हे आपल्याकडे फार होतं. सालीवर खोलगट काळे व्रण येऊन त्यावर गुलाबी-नारिंगी पूड दिसली तर तीही बुरशीच. डाग आणि व्रण यातला फरक बोट फिरवलं की कळतो. डाग सपाट असतो, व्रण आत गेलेला असतो.

शेवटी सोलायचं. गरात एखादी तपकिरी जागा असेल तर बहुतेक वेळा तो मार असतो, गाडीत किंवा पिशवीत बसलेला. तेवढा कापून काढावा, बाकीचं खावं. पण गर सगळीकडे काळपट, काचेसारखा, बुळबुळीत झाला असेल तर खाऊ नये. आणि गरावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचं खाण्याची काटकसर करू नये. मऊ फळात बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात. इथे मी शामायच्या विरोधात आहे. ती "एवढंच तर आहे" म्हणून सुरी चालवते. तिच्या काळात फेकण्यासारखं फार काही नव्हतं हे मला समजतं, पण बुरशीला त्याचं काय?

जे केळं काळं दिसतं ते गेलेलं नसतं, तसं पिवळं दिसतं ते बरं असतंच असंही नाही. बाजारातली केळी हिरवी काढून नंतर पिकवतात. त्यात वाईट काही नाही. इथिलीन वायू बंद खोलीत सोडून पिकवायला कायद्यानं परवानगी आहे, दहा लाखांत शंभर भागांपर्यंत. जो वायू केळं स्वतः सोडतं तोच बाहेरून द्यायचा. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे, कारण कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असू शकतो. तरी चोरून वापरतात. साल हळदीसारखी पिवळी, देठ हिरवा, आत गर कचकचीत आणि चवीला काहीच नाही असं केळं मिळालं तर मला शंका येते. नुसत्या डोळ्यांनी खात्री कुणालाच देता येत नाही हेही खरं. पण विचार करा, या निर्दोष पिवळ्या सालीची मागणी कोण करतं? आपणच. एक डाग दिसला की फणी परत ठेवणारे आपणच.

आता जरा विषयाला धरूनच एक आडवाट, साहित्याच्या मुलीला एवढी मुभा द्या. 1563 मध्ये गोव्यात गार्सिया दा ऑर्ता यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात केळ्यांना 'फिगो' म्हटलंय, म्हणजे अंजीर. पोर्तुगीजांना या फळासाठी आपल्याकडचं तेच नाव जवळचं वाटलं. शामायच्या गावच्या मोठ्या केळ्यांचा घट्ट साखरेतला मुरांबा होतो त्याला फिगाद म्हणतात, तो शब्द तिथून आला. पुढे 1753 मध्ये लिनीयसनं केळीला लॅटिन नाव दिलं मूसा पॅराडिसियाका, नंदनवनातली. आदाम-एवेनं खाल्लं ते फळ सफरचंद नसून केळं असावं असा एक जुना समज होता, त्यावरून. केळं आडवं कापलं की आत क्रूस दिसतो असंही जुन्या युरोपियन प्रवाशांनी लिहून ठेवलंय. मी कापून बघितलं. मला तीन रेघा दिसल्या. शामायला क्रूस दिसला. असो.

फिगादीचं नाव निघालं म्हणून सांगते. जास्त पिकलेल्या केळ्याचं काय करायचं याचं उत्तर या पट्ट्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघराकडे आधीपासून आहे. वसईकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात, ती सुकेळी. मयड्याला फिगाद. आणि ज्यांना साखरेच्या पाकाशी तासभर झुंजायचं नाही त्यांच्यासाठी मंगळूर बन्स. मैदा, दही, साखर, जिरं, चिमूटभर सोडा आणि कुस्करलेली केळी. पीठ रात्रभर ठेवायचं, सकाळी पुऱ्यांसारखे तळायचे. हॉटेलात पातळभाजीबरोबर मिटक्या मारत खातो ते हेच. पिवळ्याधमक केळ्याचे बन्स कधी करून बघा; फुगतील, पण त्यात केळ्याची चव येणार नाही. त्याला साल काळी झालेलीच केळी लागतात. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो ती एका पदार्थाची पहिली अट आहे. सोललेली केळी डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाकली तरी पुढच्या शनिवारपर्यंत मजेत राहतात.

बाबांना शुगर आहे. त्यांना अशी काळी केळी चालत नाहीत, कारण ती जास्त गोड असतात आणि साखर लवकर चढवतात. त्यांना थोडं कमी पिकलेलं, अर्धं. म्हणजे एकाच फणीत कुणाचं केळं कुठल्या दिवशी, हे घरात कुणाला तरी माहीत असावं लागतं.

आमच्याकडे ते शामायला माहीत होतं. सप्टेंबरपर्यंत.

गेल्या वर्षी तिला मोठा ताप आला होता. त्यातून उठली, पण नाक पूर्ण परत आलं नाही. आम्हाला हे नीट लक्षातच आलं नव्हतं, कारण तिनं कधी सांगितलं नाही. सप्टेंबरात एका दुपारी तिनं माझ्यासाठी शिकरण करायला घेतलं. केळी चिरली, दूध ओतलं, वाटी पुढे केली. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि थांबले. सरळ वाईनचा वास. "शामाय, हे आंबलंय गं." तिनं वाटी घेतली, नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हाका कांयच येना." मला काहीच येत नाही. ती रडली वगैरे नाही. उठली, खिळ्यावरून उरलेली तीन केळी काढली, माझ्यासमोर ठेवली. "बाये, तू घे वास."

त्या दिवसापासून घरातलं नाक मी आहे. केळी, दूध, काल उरलेली आमटी, सुक्या मासळीचा डबा, सगळं माझ्याकडे येतं. सुरुवातीला माझे अंदाज हास्यास्पद होते. जरा गोड वास आला की मी "गेलं" म्हणायचे आणि ती म्हणायची, "परत घे." दाबून ती अजून पक्कं सांगते, बोटं तिची शाबूत आहेत. वासाचं मी सांगायचं, मऊपणाचं तिनं, आणि दोघींचं जुळलं तर खायचं. दोन-तीन महिन्यांत मी बऱ्यापैकी तयार झाले. पण मनात एक हिशेब सारखा येतो: तिचं नाक गेलं नसतं तर मी हे कधी शिकले असते का? बहुतेक नाही. आणि किती घरांत असं माणूस आहे, ज्याच्या नाकावर सगळं घर चालतं आणि ज्याला कुणी काही विचारून ठेवलेलं नाही?

"मग काय, सडकी केळी खायची का?" असं मला मंडळातल्या एकानं हा लेख वाचून विचारलं. नाही. सडकं फेकायचंच. सडकं कुठलं ते तपासून फेका, एवढंच म्हणतेय. दुसऱ्या एकीनं सुचवलं की कार्यक्रमाची उरलेली केळी सरळ वृद्धाश्रमात द्यावीत. हे ऐकायला छान आहे, पण यात मला एक खोट दिसते. सणासुदीला चर्चच्या दारात फळांच्या टोपल्या येतात त्यात मी बघितलंय. काही जण जी केळी स्वतः खाणार नाहीत तीच पुण्य म्हणून आणून ठेवतात. ज्याला आपण नाक मुरडलं ते दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, हे मला कचऱ्याच्या डब्यापेक्षा फार वेगळं वाटत नाही. द्यायचीच असतील तर त्यातलं एक आधी आपण सोलून खावं. खाववलं तर बाकीची द्यावीत.

मावशींना मी नंतर भेटले. बोलायला मला ऑगस्ट उजाडला, तेवढा वेळ लाज वाटत होती. माफी मागायला गेले तर त्यांना तो प्रसंग आठवायलाच वेळ लागला. मग हसल्या. म्हणाल्या, "पिशवीची गाठ सोडून ठिवायची हुती ओ, घुसमटल्यावर काय हुईल दुसरं?" त्या बारा केळ्यांतली चार त्यांच्या पोरांनी तिथल्या तिथे संपवली होती, बाकीच्यांचं त्यांनी गूळ घालून गोडाचं थालीपीठ केलं होतं. कसं केलं ते विचारून घेतलंय. शामायलाही ते माहीत नव्हतं, आणि तिला माहीत नसलेला केळ्याचा पदार्थ सापडल्याचा मला किती आनंद झाला ते लिहीत नाही.

जानेवारीत आपल्या मंडळाचा पुढचा कार्यक्रम आहे. केळी मीच आणणार आहे, संध्याकाळची, ठिपक्यांची. मंडळाच्या कपाटाशेजारी भिंतीत एक खिळा ठोकायची परवानगी मागितली आहे. अर्ज ऑफिसमध्ये आहे, अजून सही झालेली नाही.